चिमणीवरची शकू

२ जुलै
आधीच सॉरी. कोणाला बोलतेय काय माहीत. पण शुद्धलेखन माझं शाळेबरोबरच सुटलं, नववीत. आणि मोबाईलवर मराठी टाइप करायला एवढा वेळ लागतो की वाक्य संपेपर्यंत राग पण संपतो. वही घेतली असती, पण आमच्या घरात वही म्हणजे सगळ्यांची. मोबाईलला निदान लॉक आहे.

आज धूरकर सिनेमाचं पोस्टर आलं!!

धूरकर म्हणजे बाबांच्या लहानपणीची चित्रांची पुस्तकं. पातळ, पिवळी पडलेली, पोटमाळ्यावर पत्र्याच्या डब्यात. गिरणीतला एक हडकुळा माणूस. छातीत कापूस जाऊन जाऊन खोकतो. लागोपाठ खोकला की त्याचा धूर होतो. मग फटीतून आत, धुराड्यातून बाहेर. मी वाचायला शिकले ती ह्याच पुस्तकांवर, बालभारतीवर नाही.

पोस्टरवर हिरो असा उभा आहे, दंड एवढे की बाही रडतेय.
बाबा चष्मा वर करून बोलले, "हा खोकला तर समोरच्या टॉवरच्या काचा फुटतील."
आई बोलली, "बरो आसा की. खाऊनपिऊन आसा."

पेजवर टाकलं. डावीकडे पुस्तकातला धूरकर, उजवीकडे हा. खाली लिहिलं, "ह्यातला खोकला कोणाला झालाय ते ओळखा." लोकं हसली. पेजचं नाव पोटमाळा. सिनेमाचे कपडे, रंग, कोणाला कुठे घेतलंय, ह्याच्यावर मी दोन दोन ओळी लिहिते. पेज माझं आहे हे फक्त प्राचीला माहीत आहे. समोरासमोर बोलायचं झालं की माझं तोंड सुकतं. तिथे नाही सुकत.

५ जुलै
सुषमाताईंच्या दुकानात श्रावणाची तयारी. हिरव्याच हिरव्या साड्या. मी फॉल-पिको करते तिकडे, दादरला. एका बाईंच्या साडीला तीन फॉल लावून बघितले, एक पण बसेना. ताई बोलल्या, "मने, फॉल लाव. रंगाची कुंडली नको मांडूस."

धूरकरची छोटी क्लिप आलीय. सगळं निळं. चाळ निळी, रस्ता निळा, धूर पण निळा. निळा धूर अगरबत्तीचा असतो. गिरणीचा नाही.

पुस्तकात धू.च्या (धूरकर टाइप करायला लांब) डाव्या अंगाला एक लाल रेघ असते. प्रत्येक चित्रात. मला वाटायचं ती त्याची धग आहे. बाबा बोलले धग कसली, छपाईची चूक ती. "गिरगावातला जुना प्रेस होता, लाल शाई सरकायची." पण त्यांना पण लहानपणी धगच वाटायची. सगळी पोरं विटेच्या तुकड्याने हातावर लाल रेघ ओढायची आणि धूरकर धूरकर खेळायची. म्हणजे चूक होती तरी ती त्याचीच होती ना आता. तीच काढून टाकली ह्यांनी.

पेजवर लिहिलं, लाल कुठे गेला?
एकाने रिप्लाय दिला, भावा ती प्रिंटिंग मिस्टेक होती. (भावा!!) माहीत आहे रे. तरी.

१० जुलै
शकूचं काम कोण करतेय ते कळलं आज.

शकू धू.ची शेजारीण. काळीसावळी, उंच, खांदे रुंद, साडी खोचून चालते. तिच्याकडे पॉवर बिवर काही नाही. फक्त चढता येतं. भिंत, पाइप, गिरणीची चिमणी. आणि जेवणाचा डबा फेकून मारते, नेम चुकत नाही. पुस्तकात धू.पेक्षा मला तीच आवडायची.

आणि घेतलंय कोणाला. ती साबणाच्या जाहिरातीतली. लोण्यात बुडवून काढल्यासारखी. तिला काळं केलंय वरून, आणि ते मानेपर्यंतच केलंय. हात वेगळे, तोंड वेगळं. एवढा मोठा सिनेमा आणि मॅचिंग नाही.

संध्याकाळी प्राची आली. समोरच्या खोलीतली. आमच्या दोघींच्या मध्ये फक्त गॅलरी. मी पोस्टर दाखवलं आणि बोलायला लागले (तिच्याशी मी बोलते, तिच्याशी तोंड सुकत नाही). हात बघ, मान बघ, ही डबा फेकेल का, हिने डबा कधी धुतला तरी असेल का. प्रा.ने ऐकत ऐकत बिस्कीट चहात बुडवलं आणि ते बुडूनच गेलं.

मग बोलली, "मी आहे त्यात."
"कशात?"
"शकूत."

१० जुलै, परत
मघाशी आई आली म्हणून थांबले.

प्रा. हिवाळ्यात मॉलमध्ये कामाला जाते सांगून शूटिंगला जात होती. बंद गिरणीत सेट होता. आधी ऑडिशनला गेलेली, शकूसाठी. का गेली तर मी बोलले होते म्हणून. मी दरवेळी बोलायचे ना, शकू म्हणजे तूच. तिकडे तिला चार ओळी बोलायला लावल्या, बस बोलले. मग कोणीतरी विचारलं काय येतं तुला? ही बोलली, चढायला येतं. दहीहंडीत सगळ्यात वरच्या थराला असते ती, मुलींच्या पथकात. फाइट मास्टर बोलला, तिकडेच एका खांबावर चढून दाखव. चढली.

म्हणजे शकू बोलते ती ती बाई. शकू चढते ती प्राची. पाठमोरी, लांबून, कधीच तोंड नाही.

कोणाला सांगायचं नाही अशी सही घेतलीय. पुढे काम मिळायचं तर तोंड बंद. घरी पण आता आता सांगितलं. मला बोलली, "तुला सांगितलं कारण तू कोणाशी बोलतच नाहीस."

१३ जुलै
रविवार. गच्चीवर पापड वाळत होते, राखायला आम्ही दोघी. सगळं काढून घेतलं तिच्याकडून. दोर कमरेला असतात, ते नंतर पुसतात कॉम्प्युटरवर. चिमणी अर्धीच खरी, अर्धी लाकडाची.

सगळ्यात भारी हे. शकू चिमणीच्या टोकावर पोचते आणि वाकून खाली बघते, एवढंच करायचं होतं. प्रा. पोचली. आणि सवयीने सरळ उभी राहिली, दोन्ही हात वर, सलामी दिली!

दहीहंडीत वर पोचलं की सलामी द्यावीच लागते. सलामी नाही तर थर मोजत नाहीत, मग तुम्ही कितीही वर जा. लहानपणापासून तेच अंगात. तिचे हात तिला विचारून नाही गेले.

खालून कोण ओरडलं, "ए! ये क्या कर रही है?" ती घाबरली, गेलं काम. मग दिग्दर्शक मॉनिटरवर बघत बसला, परत बघितलं, परत बघितलं. बोलला, फिर से कर. वही कर.

मी विचारलं, मग तू सांगितलंस का हे काय असतं ते?
बोलली, "कोणी विचारलं?"

१९ जुलै
ट्रेलर.

सलामी आहे. शेवटचा शॉट तोच. मागे धुरकट आभाळ, चिमणी, वर शकू, दोन हात वर. लगेच त्या बाईचं तोंड. पण सलामीचा तो अर्धा सेकंद. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही. एवढ्या निळ्यात फक्त तीच खरी वाटली. पुस्तकात शकू सलामी देत नाही कुठे, पण दिली असती तर अशीच.

प्रा. आणि मी गॅलरीत बसून परत परत बघितला. दरवेळी शेवट आला की तिचा पाय हलायचा.

२३ जुलै
गल्लीतली पोरं सगळी सलामी देतायत. पाण्याच्या टाकीवर, स्कूटरच्या सीटवर. आणि तिला "शकू स्टेप" बोलतात. अरे तुमचे मामे-काके जन्मभर हेच करत आले ना?

ती बाई मुलाखतीत बोलली की सगळं तिने स्वतः केलं, गुडघे फुटले. गुडघा दाखवला पण.

मला राहवलं नाही. पेजवर लिहिलं. कास्टिंग चुकलं, पण चिमणीवरची शकू खरी शकू आहे. आणि ती ही बाई नाही. बघा, पाय ठेवायच्या आधी तळवा पोटरीला पुसते. हे थरावर चढणारी मुलगीच करते, खालच्याच्या खांद्यावरून पाय सरकू नये म्हणून.

नाव नाही लिहिलं कोणाचं.

२५ जुलै
लिहायला नको होतं.

पोस्ट कुठल्या कुठे गेली. खाली लोकं विचारतायत कोण मुलगी, कुठलं पथक. एकाने लिहिलं परळची असणार. एकाने लालबागची. एकजण तर बरोबर आमच्या गल्लीपर्यंत आला.

प्रा.ला फाइट मास्टरच्या माणसाचा फोन आला. "ये पोटमाला कौन है? तेरे पहचान का है क्या?" ती नाही बोलली.

मग माझ्याकडे आली. दारातच उभी. आई चपात्या करत होती म्हणून हळू आवाजात बोलली.
"तू गप्प बसतेस म्हणून तुला सांगितलं मने."
मी बोलले नाव नाही टाकलं.
"पाय टाकलास ना माझा."

पोस्ट काढली. ती गेल्यावर आईने विचारलं, "काय गो, भांडलात?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली मलाच नाही कळलं.

४ ऑगस्ट
प्रा. बोलत नाही. सरावाला जाते, उशिरा येते. तिच्या घरचे कपडे आमच्या दोरीवर असतात, ते मी घडी करून ठेवते. ती घेऊन जाते. एवढंच.

पेजवर काही टाकलं नाही. सिनेमावर लिहायला घेतलं की तिचा पायच दिसतो.

बाबांनी आज विचारलं, हिरोचं काय, अजून तुझं मत तेच? हो बोलले. खोकला काढून टाकलाय त्यांनी बाबा, चुटकी वाजवतो आणि धूर होतो. बाबा बोलले, "चुटकीने धूर झाला असता तर माझे वडील अजून जिवंत असते." आणि हसले. आजोबा गिरणीतच होते, खोकतच गेले. मी नाही हसले.

१६ ऑगस्ट
दहीहंडी. आमच्या नाक्यावर.

प्रा.चं पथक दुपारी आलं. सहा थर लावणार होते. मी स्टेजच्या बाजूला, लाऊडस्पीकरच्या मागे. पाचवा लागला, खालच्या मुलींचे पाय थरथरत होते. प्रा. चढायला लागली. पोटरीला पाय पुसला, खांदा. पुसला, खांदा.

वर पोचली आणि माईकवरचा माणूस ओरडला, "आणि ही बघा आपल्या नाक्यावरची शकू! देणार का सिनेमावाली सलामी?" सगळी गर्दी, शकू शकू शकू. शिट्ट्या.

प्राचीने हात वर केलेच नाहीत.

उभी राहिली फक्त. हात मांडीला चिकटलेले. खालून तिच्या कोच संध्याताई ओरडतायत, "सलामी दे गं! थर मोजत नाहीत! प्राची!" खाली एक मुलगी रडायला लागली, खांद्यावर वजन. मला वाटलं माईकवाल्याचा शर्ट धरावा, सांगावं अरे ती नक्कल नाही, सिनेमात आहे ते हिचंच आहे. हाताच्या अंतरावर होता तो. तोंड सुकलं.

मग तिने दिली. पटकन, अर्धी. मोजला थर. उतरली.

पाण्याची बाटली द्यायला गेले. घेतली. पहिल्यांदा बोलली एवढ्या दिवसांनी.
"तो माईकवाला खाली आल्यावर काय बोलला माहितीये? छान कॉपी केलीस."
"मग?"
"मग काय. थँक यू बोलले."
आणि हसायला लागली, मला पण हसू आलं, दोघी हसत बसलो रस्त्याच्या कडेला ओल्या कपड्यात. संध्याताई बोलल्या, ह्या पोरींना चढलीय काय.

३० ऑगस्ट
गणपती. घरात पाहुणे, वैभववाडीचे. मी आत बसून फुलं निवडली. मला हे काम आवडतं, कोणी काही विचारत नाही.

प्रा. आरतीला आली. जाताना कानात बोलली, दुसरा भाग पण बनवणार आहेत, हैदराबादला. मला परत बोलावतील बहुतेक. मी बोलले छान. मग विचार करत राहिले, छान का बोलले.

१९ ऑक्टोबर
बघितला!! मी, प्रा. आणि बाबा. परळला, पहिल्या दिवशी नाही, तिकीटच नव्हतं.

आता खरं लिहायचं तर. (पेजवर अजून नाही, इकडेच.)

हिरोबद्दल मी चुकले. दंड आहेत पण तो त्यांना लपवतो. बाकड्यावर असा बसतो की शेजारच्याला जागा पाहिजे. कोणी ओरडलं की मान आधी आत जाते, मग बघतो. आमच्या चाळीत अशी माणसं आहेत. आणि एका ठिकाणी, चुटकी वाजवायच्या आधी, हळूच एकदा खोकतो. तोंडावर मूठ धरून. कोणाला ऐकू जाऊ नये असा. ते त्याला कोणी सांगितलं की त्याने स्वतःच केलं काय माहीत. बाबा पॉपकॉर्न खात होते ते थांबले. मग बराच वेळ नाही खाल्ले.

रंग वाईटच. चाळीतल्या दोरीवरचे कपडे सगळे एका शेडमधले. एक पण भगवा नाही, एक पण पोपटी नाही, टॉवेल पण मॅचिंग. अशी चाळ असते का? आमच्या दोरीवर बघा, डोळे दुखतात. कोणाच्या घरात देव नाहीत, कॅलेंडर नाही. धूर मात्र चांगला केलाय, जिवंत वाटतो, जिन्यावरून उतरताना वळणावर थांबतो.

शकू. ती बाई बोलते तेव्हा शकू नाही. पण धू. आजारी असतो तेव्हा ती त्याच्या दाराशी डबा ठेवते आणि न बोलता जाते, तिथे होती. तेवढी होती. मला कबूल करायला जड गेलं कारण प्रा. बाजूला बसलेली.

चिमणी आली. थिएटरात सगळे ओरडले. समोरच्या रांगेतली छोटी मुलगी खुर्चीवर उभी राहून हात वर करून. मी प्रा.कडे बघितलं. ती पडद्याकडे नाही, त्या मुलीकडे बघत होती.

शेवटी नावं सुरू झाली आणि पुढची लोकं उभी राहिली. काही दिसलं नाही. प्रा. इकडून तिकडून वाकून बघत होती. मग चल बोलली.

बाहेर शकूचा कटआउट. सलामी, आणि वर त्या बाईचं तोंड. फोटोला लाइन. एक फॅमिली होती, त्यांच्या काकू प्रा.ला बोलल्या, "बाळा, आमचा काढतेस का गं फोटो?" हिने काढला. "अजून एक, हात वर करून." तो पण काढला. "थोडं वाकडं येतंय, हात सरळ करा काकू, कोपरातून," असं सांगून काढला.

बाबांना ह्यातलं काहीच माहीत नाही. ते बोलले, प्राचीला बघ फोटो काढायला छान जमतं.

२२ ऑक्टोबर
फराळ घेऊन आली. करंजी तिच्या आईची, कडक. बसली.

फोन आलाय. दुसऱ्या भागाला तीच पाहिजे. परत पाठमोरी, पण चढायचं जास्त. शुक्रवारपर्यंत कळवायचं. हो बोललं तर पुढचे किती महिने तेच, आणि इकडची ऑडिशनं बंद. एका मराठी सिनेमावाल्यांनी पण बोलावलंय तिला, छोटं काम आहे पण तोंडाचं. ते पक्कं नाही, ट्रायल द्यायची. तारखा एकच.

मी बोलले तुला काय वाटतं?
बोलली, "मला काय वाटतं ते सोड. तू सांग. तुला कळतं. त्या हिरोबद्दल चुकलीस तर चुकले बोललीस. मला खरं सांग. मी शकू झाले असते का? तोंडाने? का नुसतीच चढते?"

मी करंजी खात बसले.

"मैत्रीण म्हणून नको हं. पोटमाळा म्हणून सांग."

२३ ऑक्टोबर
संध्याकाळी गच्चीवर. तिने सांगितलं मोबाईलवर शूट कर, मग बघून सांग. पुस्तकातला शकूचा डायलॉग घेतला, गिरणीच्या शेटसमोरचा. "शेट, धुराला दरवाजा लागत नाही. मला लागतो. उघडा."

केला. मी शूट केलं. परत केला. हळू करून बघितला, रागात करून बघितला.

काय लिहू. शाळेत बाई उभं करून धडा वाचायला लावायच्या ना, तसं. प्राची नव्हतीच तिथे. मान ताठ, हाताचं काय करायचं कळत नाही, तेच हात जे वर गेले की अख्खं थिएटर ओरडतं. ती बाई बरी होती हिच्यापेक्षा. देवा, हे मी लिहिलं.

प्रा. बोलली, "कसं?" मी बोलले, थांब, बघते नीट. मोबाईल खिशात टाकला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा बंट्या बॉल काढायला टाकीच्या कठड्यावर चढला. प्राची वळली.

"ए बंट्या! उतर! उतर बोलते ना! पडलास तर तुझी आई आधी मला मारेल, मग तुला, मग बॉलला! उतर मेल्या, हात धर, धर!"

एक पाय कठड्यावर, पदर नाही पण ओढणी खोचलेली, मान तिरकी. बंट्या एका सेकंदात खाली. मी पण बसले होते ती उभी राहिले.

शकू होती ती. पूर्ण. तोंडाने.

आणि मी शूटिंग बंद केलेलं.

२४ ऑक्टोबर
दुकानात लक्ष नव्हतं. गुलाबी साडीला राणी रंगाचा फॉल लावला. सुषमाताईंनी उसवायला लावला.

बाबांना विचारलं, नाव न घेता. की समजा एखाद्याला एखादी गोष्ट येते, पण कर बोललं की येत नाही, तर ती येते का? बाबा बोलले, "तुला बोलायला येतं का?" मी बोलले येतं की. "मग पाहुण्यांसमोर बोल बघू." आणि पेपर वाचायला लागले. हे उत्तर आहे का?

कॅमेरासमोर तिला कोण सांगणार की बंट्या पडतोय समज. आणि समज बोललं की परत तो धडा. पण शिकता येत असेल ना. तो हिरो नाही का शिकला बाकड्यावर बसायला. पण त्याला किती वर्षं गेली असतील, आणि तिला उद्यापर्यंत कळवायचंय. शुक्रवार आजच होता, तिने एक दिवस मागून घेतलाय माझ्यासाठी.

हो सांग हैदराबादला, असं बोलले तर ती जाईल. जन्मभर पाठमोरी. नको बोलले आणि त्या छोट्या कामात पण धडा वाचला तर? मग तिकडून पण गेली आणि इकडून पण. आणि ऐकणार ती माझंच. एवढं मी पेजवर लोकांना फाडते, ह्याला का घेतलं, हिला का घेतलं. त्या सगळ्यांनी कोणालातरी असंच गच्चीवर विचारलं असेल का, आणि कोणी असंच मोबाईल खिशात टाकला असेल.

मेसेज लिहिला तिला. "काल डायलॉगमध्ये तू नव्हतीस. बंट्यावर ओरडलीस तेव्हा होतीस. मला एवढंच माहीत आहे." परत वाचला. "एवढंच" काढलं. परत घातलं. पाठवला नाही. हे असं बोटाने सांगायचं नाही बहुतेक. तिला विचारायचं असेल, म्हणजे काय मने, आणि मी समोर पाहिजे.

गॅलरीत तिच्या दाराशी ती केस विंचरत बसलीय, पाय कठड्याला लावून. इकडेच बघतेय. मी उठते, जाते.

उठले होते, तर जिन्यात हा गोंधळ. तळमजल्यावरचे राणेकाका, साठी होऊन गेली, कोणाशी दोन शब्द बोलत नाहीत, त्यांनी आज लग्न केलं! रजिस्टर! बायकोला घेऊन आलेत, हातात पेढे, आणि आई तांब्या शोधतेय ओवाळायला. मी दोन पेढे घेते आणि प्रा.कडेच जाते.